चौरस्त्यावरील संकेत आणि सौजन्य

दोन माणसे एकाच वेळी एखाद्या दारापाशी आली, तर त्यांपैकी एक जण मागे सरतो, हात पुढे करून "आपण चला" असे सुचवितो आणि दुसरा आभार मानून आत जातो. या लहानशा व्यवहारात चूक झालीच, तर फार तर खांद्याला खांदा लागतो आणि दोघेही हसतात. परंतु दाराच्या ठिकाणी चौरस्ता आणि माणसांच्या ठिकाणी दोन वाहने आहेत अशी कल्पना केली, म्हणजे सारे चित्र पालटते. येथे शब्द ऐकू जात नाहीत. चेहरा काचेच्या आड असतो आणि त्या काचेवर आकाशाचे प्रतिबिंब पडलेले असते. शिवाय दारापाशी दोघेच होते; चौकात तिसरा, चौथा आणि पाचवाही असतो. त्यांना या दोघांत काय ठरले, याची वार्ताही नसते.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षी रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र शासनाच्या अहवालात नमूद आहे. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीस्वार होते आणि सुमारे साडेएकोणीस टक्के पादचारी होते. अतिवेग, मद्यपान, खराब रस्ते ही अपघातांची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. या पुस्तिकेत मात्र अशा एका कारणाचा विचार करावयाचा आहे, की ज्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. एकाने केलेली खूण दुसऱ्याने निराळीच समजणे, किंवा एकाने दाखविलेला चांगुलपणा तिसऱ्याच्या जिवावर बेतणे, हे ते कारण होय.

संकेत म्हणजे काय?

मराठीत 'संकेत' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ 'खूण' असा, आणि दुसरा 'परस्परांत ठरलेली रीत' असा. सामाजिक संकेत, साहित्यातील संकेत असे आपण म्हणतो, तेव्हा हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात हे योग्यच आहे. कारण रीत ठरलेली नसेल, तर खुणेला काहीच अर्थ उरत नाही.

तांबडा दिवा स्वतः कोणालाही थांबवू शकत नाही. त्याच्या प्रकाशात थांबविण्याचा कोणताही गुण नाही. तांबड्याला थांबावयाचे, हे आपण सर्वांनी मान्य केले आहे, म्हणून तो थांबवितो. रस्त्याच्या कोणत्या बाजूने जावे, हीदेखील अशीच ठरवून घेतलेली गोष्ट आहे. स्वीडन देशात वाहने डावीकडून जात असत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे साऱ्या देशाने एकाच वेळी बाजू बदलली आणि वाहने उजवीकडून जाऊ लागली. डावी बाजू काय किंवा उजवी काय, दोन्ही सारख्याच सुरक्षित. मात्र अर्ध्यांनी डावी आणि अर्ध्यांनी उजवी धरली, तर अनर्थ ओढवेल.

अमेरिकेतील तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा संकेतांचे विवेचन केले. त्याचे सार थोडक्यात असे सांगता येईल : खुणेचा अर्थ मला ठाऊक असून भागत नाही, तो तुम्हालाही ठाऊक असावा लागतो, आणि तुम्हाला तो ठाऊक आहे, याची मला व माझ्याविषयी तशीच तुम्हाला खात्री असावी लागते. चौकात निर्माण होणारे बहुतेक गैरसमज या साखळीतील एखादी कडी तुटल्यामुळे निर्माण होतात.

एक खूण, अनेक अर्थ

मालवाहू ट्रकांच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती रंगविलेली आपण पाहतो. मागून येणाऱ्याने आपल्या दिव्यांचा प्रखर झोत खाली घ्यावा, एवढाच तिचा मूळ अर्थ. पुढे दिवे क्षणभर लखलखविण्यालाच 'डिपर देणे' असे नाव पडले. आता, समोरून येणाऱ्या वाहनाने डिपर दिला, तर त्यातून काय समजावे? आपल्या महामार्गांवर त्याचा सर्वसाधारण अर्थ, "मी येत आहे, थांबणार नाही, वाट मोकळी ठेवा" असा होतो. ब्रिटनमध्ये अनेक चालक हीच खूण "मी थांबलो आहे, तुम्ही या" अशा अर्थाने करतात. तेथील अधिकृत वाहतूक-संहितेने मात्र या खुणेला केवळ "मी येथे आहे" एवढाच अर्थ दिला आहे, आणि ती पुढे येण्याचे निमंत्रण आहे असे कधीही गृहीत धरू नये, असे बजावले आहे. जर्मनीत गावाबाहेरील रस्त्यावर पुढे जाण्याचा आपला इरादा कळविण्यासाठी दिवे लखलखविण्यास कायद्याची अनुमती आहे. म्हणजे एकच प्रकाश. त्याचा एका ठिकाणी अर्थ 'ये' आणि दुसऱ्या ठिकाणी 'येऊ नकोस'. देशांतर करणाऱ्यालाच याचा धोका आहे, असे मात्र नाही. आपल्याच शहरात एका चौकात बसचालक 'थांब' म्हणून डिपर देतो आणि त्याच्या मागील मोटारीचा चालक 'जा' म्हणून डिपर देतो.

दुसरे उदाहरण उजव्या इंडिकेटरचे. पूर्वी चालक खिडकीतून हात बाहेर काढून खुणा करीत. आपल्या देशातील १९८९ च्या रस्ता-नियमांत या हस्तसंकेतांचे स्पष्ट वर्णन होते. उजवीकडे वळावयाचे असेल, तर उजवा हात तळवा पुढे करून आडवा धरावयाचा. मागच्या वाहनाला पुढे जाऊ द्यावयाचे असेल, तर तोच हात अर्धवर्तुळात मागे-पुढे हलवावयाचा. दोन हेतूंसाठी दोन निराळ्या खुणा होत्या. खिडक्या बंद झाल्या, विजेचे दिवे आले आणि हात आत गेला. त्याबरोबर हाताची दोन्ही कामे एकाच दिव्याच्या माथी आली. आज ट्रकाचा उजवा दिवा लुकलुकू लागला, तर "मी उजवीकडे वळत आहे" हा त्याचा विहित अर्थ झाला. परंतु "उजवीकडून खुशाल पुढे जा" हा रूढीने आलेला अर्थही अनेक चालकांच्या मनात असतो. पहिल्या अर्थानुसार मागच्याने मागेच राहावयास हवे. दुसऱ्या अर्थानुसार त्याने वेग वाढवावयास हवा. उजव्या बाजूस एखादा फाटा फुटत असेल, तर या दोन अर्थांमधील अंतर प्राणांतिक ठरते.

तिसरे उदाहरण चारही इंडिकेटर एकदम लावण्याचे. नादुरुस्त होऊन उभे राहिलेले वाहन इतरांना दिसावे, यासाठी ही योजना आहे. आपल्याकडे मात्र "मी सरळ जाणार आहे" असे सांगण्यासाठी चौकात हे चारही दिवे लावण्याची प्रथा पडली आहे. जपानमध्ये वाट दिल्याबद्दल आभार मानण्यासाठी हेच दिवे क्षणभर लावतात. आता सरळ जाणारे असे वाहन डावीकडच्या रस्त्यावरून पाहणाऱ्यास कसे दिसेल, याचा विचार करावा. त्याला वाहनाची एकच बाजू दिसते आणि त्या बाजूचा एकच दिवा लुकलुकताना दिसतो. "हे वाहन डावीकडे, म्हणजे माझ्याच रस्त्यात वळणार" असे समजून तो निश्चिंतपणे पुढे सरकतो आणि सरळ येणाऱ्या वाहनाच्या वाटेत उभा राहतो. सरळ जाणाऱ्याने कोणतीच खूण न करणे, हीच सरळ जाण्याची खूण होय.

हाताच्या खुणांची गोष्टही निराळी नाही. उभारलेला तळहात पोलिसाचा असेल, तर त्याचा अर्थ 'थांबा' असा; रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचा असेल, तरी 'थांबा' असाच; पण मोटारचालकाचा असेल, तर 'धन्यवाद', 'थांबा' किंवा 'चला' यांपैकी काहीही. दक्षिण भारतात मान दोन्ही बाजूंना डोलविणे हा होकार आहे. अपरिचिताला त्याच हालचालीत नकार दिसू शकतो. आपल्या महामार्गांवर तमिळनाडूचा ट्रक आसामात आणि पंजाबचा ट्रक केरळात जातो. अशा देशात हावभावांवर विसंबून चौक ओलांडणे धोक्याचे आहे.

आडोशामागील वाहन

खुणेचा अर्थ अचूक कळला, तरीही अपघात कसा होतो, हे आता पाहू.

एका रुंद रस्त्यावरून प्रत्येक दिशेला वाहनांच्या दोन रांगा जात आहेत. मध्यभागालगतच्या रांगेतून एक बस उत्तरेस चालली आहे. समोरून दक्षिणेकडे येणाऱ्या स्कूटरस्वाराला त्याच्या उजवीकडे, म्हणजे बसच्या डाव्या अंगाला असलेल्या गल्लीत वळावयाचे आहे. तो बराच वेळ खोळंबला आहे. बसचालक भला माणूस आहे. तो बस थांबवितो आणि हाताने "जा" अशी खूण करतो. स्कूटरस्वार कृतज्ञतेने मान लववितो आणि बसच्या पुढून निघतो. त्याच वेळी बसच्या डाव्या बाजूच्या रांगेतून एक मोटारसायकल ताशी ४० किलोमीटर वेगाने येत आहे.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात मोटारसायकल ११ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या आणि चांगल्या रस्त्यावरही ती पूर्णपणे थांबण्यास आणखी सुमारे १० मीटर लागतात. एकंदर २१ मीटर झाले. बसची लांबी सुमारे ११ मीटर धरू. मोटारसायकल बसच्या मागील टोकापाशी आली असताना स्कूटरचे पुढचे चाक बसच्या नाकाआडून बाहेर आले, तर दोघांमध्ये अवघे ११ मीटर उरतात. म्हणजे ब्रेक दाबला जाण्याच्या क्षणीच टक्कर होते, आणि तीही जवळजवळ पूर्ण वेगाने. मोटारसायकलस्वाराने कोणताही बेदरकारपणा केलेला नसताना हे घडते.

बसचालकाला ती मोटारसायकल का दिसली नाही? आपल्याकडे चालकाचे आसन उजवीकडे असते. डाव्या बाजूचे त्याला आरशातून जेवढे दिसते तेवढेच, आणि आरशातही एक प्रदेश अदृश्यच राहतो. शिवाय खूण करताना त्याची दृष्टी समोरच्या स्कूटरवर खिळलेली असते. स्कूटरस्वाराला ती का दिसली नाही? मध्ये बस होती. आणि ती पाहण्याची गरज त्याला का वाटली नाही? याचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. कोणीतरी "जा" म्हटले होते. खूण नसती, तर तो बसच्या टोकाशी थांबून डोकावला असता. त्या खुणेने त्याला वाट दिली नाही, केवळ त्याची सावधगिरी तेवढी काढून घेतली.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दुसऱ्याच्या मालावर दानशूर होणाऱ्याला उद्देशून आपल्याकडे 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' अशी म्हण आहे. चौकातील अस्थानी सौजन्याचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. बसचालकाला पुढे जाण्याचा स्वतःचा हक्क होता आणि तो सोडण्याची त्याला मुभा होती. पण शेजारच्या रांगेतून जाणाऱ्या मोटारसायकलचा हक्क त्याच्या मालकीचा नव्हता. "मी थांबलो आहे" एवढेच तो प्रामाणिकपणे सांगू शकत होता; "रस्ता मोकळा आहे" असे सांगण्याचा त्याला अधिकार नव्हता आणि त्याबद्दलची माहितीही त्याच्यापाशी नव्हती.

या सौजन्याची किंमत आणखी एकाला मोजावी लागते. वाहता रस्ता मध्येच थांबविणाऱ्याच्या मागे जो येत असतो, त्याला थांबण्याचे काहीच कारण समोर दिसत नाही. सिग्नल हिरवा असतो, रस्ता मोकळा असतो आणि पुढचे वाहन एकाएकी उभे राहते.

"आधी आपण, आधी आपण"

लखनौच्या दोन नबाबांची गोष्ट सर्वश्रुत आहे. "पहले आप, पहले आप" म्हणत दोघे फलाटावरच राहिले आणि गाडी निघून गेली. गोष्ट विनोदाची खरी, पण तिच्यातील तत्त्व शास्त्रीय आहे. अरुंद बोळात समोरासमोर आलेले दोन पादचारी एकाच वेळी एकाच बाजूला सरकतात, पुन्हा दोघेही दुसऱ्या बाजूला सरकतात. प्रत्येकाची हालचाल ही समोरच्याच्या क्षणभरापूर्वीच्या स्थितीला दिलेले उत्तर असते. उत्तर पोहोचेपर्यंत ती स्थिती बदललेली असते. चौकात दोन सज्जन चालक परस्परांना "जा" अशी खूण करतात, वाट पाहतात, दोघेही एकदम निघतात आणि दोघेही एकदम ब्रेक दाबतात. माणसे जितकी विनयशील, तितका हा खेळ लांबतो.

यावर उपाय म्हणून समाज एक कृत्रिम असमानता निर्माण करतो. तीच अग्रहक्काचा नियम होय. आपल्याकडे नियंत्रण नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरील वाहनाला, आणि तसा मुख्य रस्ता नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, असा नियम आहे. उजवीकडून येणारा अधिक थोर असतो असे नाही. कोणीतरी एक आधी ठरलेला असावा, एवढाच यातील हेतू. चारही रस्त्यांनी एकाच क्षणी चार वाहने आली, तर मात्र हा नियमही निरुपाय होतो, कारण प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतोच. अशा दुर्मीळ प्रसंगी सौजन्याला खरोखर वाव आहे. एकाने पूर्ण थांबावे आणि थांबूनच राहावे. हाताच्या दहा खुणांपेक्षा स्थिर उभे राहिलेले वाहन अधिक स्पष्ट बोलते.

अग्रहक्क हे कर्तव्यही आहे

अग्रहक्क म्हणजे मिरविण्याचा किंवा उदारपणे वाटून टाकण्याचा मान, असा सर्वसाधारण समज आहे. समुद्रावरील नियम याहून अधिक विचारपूर्वक केलेले दिसतात. १९७२ साली ठरलेल्या आणि १९७७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन जहाजांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर एकाने वाट द्यावयाची असते; आणि दुसऱ्याने काय करावे, हेही तेथे सांगितले आहे. त्याने आपली दिशा व वेग कायम ठेवावयाचा असतो. वाट देणाऱ्याचा सारा हिशेब दुसऱ्याच्या स्थिर गतीवर आधारलेला असतो. त्यानेही भिडस्तपणे दिशा बदलली, तर तो हिशेब कोसळतो. टक्कर टळत नाही असे दिसू लागले, म्हणजे मात्र नियम बाजूस ठेवून दोघांनीही ती टाळावयाची असते.

जमिनीवरील उदाहरण वाहतूक-वर्तुळांचे. ब्रिटनमध्ये १९६६ पूर्वी वर्तुळात शिरणारा आणि वर्तुळात फिरणारा यांपैकी कोणी थांबावे, याचा देशव्यापी नियम नव्हता. गर्दी वाढली की नव्याने शिरलेली वाहने आतल्यांची बाहेर पडण्याची वाट अडवीत, आतले थांबले की आणखी वाहने शिरत, आणि अखेरीस सारे वर्तुळच गोठून जाई. फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने या प्रश्नाचा अभ्यास केला. नोव्हेंबर १९६६ मध्ये, शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्या, म्हणजे वर्तुळातील वाहनाला वाट द्यावी, असा नियम लागू झाला आणि गोठलेली वर्तुळे वाहू लागली. आपल्या देशातही आता वर्तुळातील वाहनालाच अग्रहक्क आहे. वर्तुळात थांबून बाहेरच्याला "या" म्हणणारा चालक सज्जन खरा, परंतु त्याच्या सज्जनपणामुळे कोंडी परत येते.

संशय आला तर

रेल्वेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे हिमवादळात सिग्नलचे हात बर्फाने जखडले आणि 'रस्ता मोकळा' याच स्थितीत अडकून राहिले. त्यावर विश्वास ठेवून आलेल्या गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर सिग्नलची स्वाभाविक स्थिती 'धोका' हीच असावी, असे तत्त्व रूढ झाले. आजही रेल्वेचा सिग्नल विझलेला किंवा अस्पष्ट असेल, तर चालकाने त्याचा अर्थ 'थांबा' असाच घ्यावयाचा असतो. समुद्रावर तर दुसऱ्याचा हेतू कळला नाही, हे सांगण्यासाठीच एक संकेत ठरविलेला आहे. लागोपाठ पाच किंवा अधिक तोकड्या शिट्या दिल्या, की "तुमचे काय चालले आहे ते मला कळलेले नाही" असा त्याचा अर्थ होतो.

रस्त्यावर अशी शिटी नाही. पण तत्त्व तेच पाळता येते. ज्या खुणेचे दोन अर्थ होऊ शकतात, तिचा अधिक सावध अर्थ घ्यावा. कोणी "या" म्हटले, तर त्यातून "हा एक मनुष्य थांबला आहे" एवढेच समजावे आणि उरलेला रस्ता आपल्या डोळ्यांनी पाहावा. थांबलेल्या वाहनाच्या पुढून जाताना त्याच्या टोकाशी क्षणभर थांबून पलीकडे डोकावावे. ही गोष्ट पादचाऱ्याने तर कधीच विसरू नये. आणि आपल्या रांगेशेजारी एखादे वाहन विनाकारण थांबलेले दिसले, तर त्याच्या पुढून कोणीतरी येत असणार, असे समजून वेग कमी करावा.

खरे सौजन्य

यावरून चौकात सौजन्याला स्थानच नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवणाऱ्या पादचाऱ्यासाठी थांबणे, रुग्णवाहिकेला वाट देणे, हे सौजन्यही आहे आणि नियमही. जर्मनीत दोन रांगांची एक रांग होते तेथे कपड्याच्या झिपच्या दातांप्रमाणे आळीपाळीने एकेक वाहन पुढे जाते. सौजन्याची ही पद्धत तेथील कायद्यातच घातलेली आहे. पलीकडे जागा नसेल, तर सिग्नल हिरवा असूनही पिवळ्या जाळीच्या चौकटीत न शिरणारा चालक कोणालाही हाताने खुणावीत नाही; पण तो शेकडो माणसांचा खोळंबा वाचवितो. इंडिकेटर वेळेवर लावणे, वेग हळूहळू कमी करणे, आपल्या रांगेत राहणे, यांबद्दल कोणी आभार मानीत नाही. तरी ही कृत्ये हात हलवून दिलेल्या वाटेपेक्षा अधिक उपकारक आहेत.

दारापाशी उभ्या असलेल्या दोन माणसांचे सौजन्य एकमेकांपुरते असते. चौकातील सौजन्य जे दिसतात त्यांच्यासाठी तर असावेच, पण जो दिसत नाही त्याच्यासाठीही असावे. बसच्या आडून येणाऱ्या त्या मोटारसायकलस्वाराला बसचालकाच्या दयाळूपणाची गरज नव्हती. नियमाप्रमाणे जे घडावयाचे तेच घडेल, असा विश्वास तेवढा त्याला हवा होता. तो विश्वास राखणे, हेच रस्त्यावरील सर्वांत मोठे सौजन्य होय.